गाडी गोल फिरायलाच हवी का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या गॅरेजमधल्या मॉडेल रेल्वेवरच्या लेखाला तुम्ही इतकी मनापासून प्रतिक्रिया दिलीत, की दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना. म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काका रेल्वेच्या परिचालन विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की १४ इंच रुंदीच्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला रेल्वे म्हणता येणार नाही. गाडी धावली पाहिजे, निदान ८ बाय ४ च्या प्लायवर गोल तरी फिरली पाहिजे. दुसरं म्हणणं, मी ब्रॉडगेज म्हणून टाकलेला मार्ग मापाने, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराने (गेजने), ब्रॉडगेज नाहीच. आणि तिसरं, पुण्याच्या हवेत बंद गॅरेजमध्ये हे सगळं लवकरच फुगेल, गंजेल, वाळवी खाईल. ‘तीन सायडिंग आणि एक इंजिन म्हणजे शोकेस’, हे तुमचं शेवटचं वाक्य. (सायडिंग म्हणजे मालडबे उभे करायला बाजूला काढलेला रूळमार्ग.)

गोल फिरण्यापासून सुरुवात करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, की आपल्या ब्रॉडगेजवर १० अंशांपेक्षा तीव्र वळण चालत नाही. म्हणजे त्रिज्या १७५ मीटर. माझ्या मॉडेलचं माप एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या तुलनेत १:८७. त्या हिशेबाने सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्यासुद्धा मॉडेलमध्ये २ मीटर येते आणि पूर्ण वर्तुळाचा व्यास ४ मीटर, म्हणजे १३ फूट. माझं गॅरेज १० फूट रुंद आहे आणि त्यात माझी मोटारगाडीही उभी राहते. ८ बाय ४ च्या प्लायवर जो गोल बसतो त्याची त्रिज्या साधारण १८ इंच असते. ती ८७ ने गुणली तर प्रत्यक्षात ४० मीटर. चाळीस मीटरच्या वळणावर ब्रॉडगेजचा डबा नेण्याची परवानगी तुम्ही नोकरीत असताना कुणाला दिली असती का? मॉडेलमध्ये तो डबा जातो, पण वळणावर त्याची टोकं रुळाबाहेर लोंबतात आणि दोन डब्यांमध्ये कोन पडतो. हे वरून बघताना खपून जातं, रुळाच्या पातळीवर डोळे नेले की खपत नाही.

फळीवर मला वळणच घ्यायचं नाही. त्यामुळे जे काही टाकलं आहे ते सरळ आहे, किंवा इतक्या हलक्या बाकाचं आहे की खऱ्या यार्डात तसंच दिसावं. अरुंद फळी ही माझ्यासाठी जागेअभावी केलेली तडजोड नाही. ४ फुटी टेबल भिंतीला लावलं असतं तर पलीकडच्या कडेला रुळावरून घसरलेली वाघीण (मालडबा) उचलायला माझा हात पुरला नसता, आणि गॅरेजच्या मधोमध ठेवलं असतं तर मोटार रस्त्यावर उभी करावी लागली असती. १४ इंचांत कुठेही हात पोचतो.

लांबीचंही बघा. माझी फळी १६ फूट आहे. १:८७ ने ती ४२४ मीटर होते. आजच्या २४ डब्यांच्या एलएचबी (नव्या पद्धतीच्या डब्यांच्या) गाडीचे नुसते डबेच साडेपाचशे मीटरच्या वर जातात, म्हणजे एक अख्खी एक्सप्रेस माझ्या सगळ्या जगात उभी राहू शकत नाही. मग ४२४ मीटरमध्ये खरंखुरं काय मावतं, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर होतं, एका लहान स्टेशनचा माल उतरवण्याचा भाग. तिथे गाड्या १० किलोमीटरच्या वेगाने हलतात, थांबतात, मागे येतात. ते काम खरोखरच तेवढ्या जागेत होतं.

म्हणूनच नमुना म्हणून बार्शी लाइट रेल्वे ही जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, लाइन निवडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली २ फूट ६ इंचांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. बार्शीच्या बाजारातला कापूस मुख्य लाइनपर्यंत आणायला आणि पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांना न्यायला. प्रत्येक चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही हे त्याने आधी ठरवलं, म्हणून दर यार्ड (३ फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. लीड्सच्या किटसन कारखान्यातली त्याची इंजिनं बघितली आहेत ना, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची? भार वाटून देण्यासाठीच तितकी चाकं. पुढे ही लाइन लातूरला आणि मिरजेला पोचली. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन नॅरोगेज बघण्याची सोय उरलेली नाही, आणि मला ती कुठेतरी हलताना बघायची आहे.

कुर्डुवाडीला ही लाइन मुख्य लाइनला भेटायची. दोन गेज एकत्र आले की माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागतो. माझी फळी कुर्डुवाडीची नक्कल नाही, त्या धर्तीचं काल्पनिक स्टेशन आहे, पण तिचा जीव त्या ट्रान्सशिपमेंटच्या फलाटात आहे. जेमतेम ६ सेंटिमीटर रुंदीचा लांबट फलाट. एका बाजूला ब्रॉडगेजची चारचाकी बंद वाघीण, दुसऱ्या बाजूला नॅरोगेजची बुटकी वाघीण, दोन्हींची दारं समोरासमोर, मध्ये कापसाच्या गाठी. गाठी लाकडी पट्टीचे १४ मिलिमीटरचे तुकडे कापून केल्या आहेत. त्यावर जुन्या मलमलीची चिंधी फेविकॉलने चिकटवली आणि पट्ट्यांच्या जागी शिवणाचा दोरा तीनदा गुंडाळला. धान्याची पोती एम-सीलची. ते ओलं असतानाच जाड्याभरड्या कापडात दाबलं की गोणपाटाची वीण उठते आणि कोपऱ्यांना बोटाने चिमटा काढला की शिवलेले कान तयार होतात. ही जागा मुळातच लांब आणि चिंचोळी असते. तिला ४ फूट रुंदीचं टेबल दिलं असतं तर उरलेल्या तीन फुटांत मी डोंगर आणि बोगदा कोंबला असता, जो त्या माळरानावर शोधूनही सापडायचा नाही.

आता ‘गाडी नुसती पुढे-मागे होते’ याबद्दल. यार्डात दुसरं काय होतं, काका? शंटिंगच ना, म्हणजे वाघिणी पुढे-मागे करून हव्या तशा लावणं? ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांनी आखलेली ‘इंगलनूक’ नावाची एक मांडणी आहे, माझी तीन सायडिंग त्याच हिशेबाची आहेत. एकीत ५ वाघिणी मावतात, बाकी दोघींत प्रत्येकी ३, आणि शंटिंग नेकवर, म्हणजे इंजिनाने पुढे-मागे करायच्या टोकाच्या रुळावर, इंजिन अधिक ३. एकूण वाघिणी ८. त्यातल्या ५ वाघिणींची गाडी ठरलेल्या क्रमाने लावायची. ८ मधून ५ क्रमाने निवडण्याच्या शक्यता होतात ६,७२०. शंटिंग नेक आखूड असल्यामुळे एका वेळी तीनच ओढता येतात, म्हणून आधी कुठली बाजूला ठेवायची आणि कुठली मागून आणायची याचा विचार केल्याशिवाय इंजिन हलवण्यात अर्थ नसतो. हे सगळं साडेचार-पाच फुटांत बसतं. प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी आहे, त्या पिसून पाच काढायच्या, तोच त्या दिवसाचा हुकूम.

लहान मुलांना गोल फिरणारी गाडीच आवडते, हे तुमचं म्हणणं बघण्यापुरतं मला मान्य आहे. त्यासाठी कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून पुण्यातल्या कित्येक मुलांनी रेल्वे तिथे डोळे भरून पाहिली आहे, मीही घरी आलेल्या पाहुण्यांना आवर्जून नेतो. तिथला मोठा देखावा प्रेक्षकांसाठी आहे आणि तो तसाच हवा. माझ्या घरी प्रेक्षक असा कुणी नसतो. शेजारची चौथीतली मुलगी येते तेव्हा कंट्रोलर तिच्याच हातात असतो, आणि सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) बदलायचा राहिला तर वाघीण चुकीच्या सायडिंगला जाते हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

गेजचा आक्षेप मापाने बरोबर आहे, आणि त्यामागचा हिशेब वाचकांसमोर यायला हवा. १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.३ मिलिमीटर. बाजारातला एचओचा रूळ १६.५ चा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहे. म्हणजे माझं ब्रॉडगेज पावणेतीन मिलिमीटरने अरुंद आहे. १९.३ चा मार्ग हवा तर प्रत्येक सांधा हाताने बांधायचा आणि प्रत्येक चाकजोडी बदलायची. काहीजण ते करतात, त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. मी तो वेळ नॅरोगेजला दिला, कारण नॅरोगेज माझा विषय आहे. तिथे मापं सुरेख जुळतात: ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६, आणि तयार मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्याला कळत नाही. शिवाय फळी ५२ इंच उंचीवर आहे, समोर उंच स्टुलावर बसलं की डोळे रुळाच्या जवळजवळ पातळीत येतात आणि गाडी कुशीवरून दिसते. कुशीवरून बघताना गेज सर्वांत कमी जाणवतं, ते जाणवतं गाडी तोंडासमोर आल्यावर, आणि तशी जागा मी ठेवलेलीच नाही.

त्याच कारणाने ब्रॉडगेजला कोड ७५ चा रूळ घेतला, ज्याला तुम्ही ‘उगाच महाग’ म्हणालात. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० चा रूळ २.५४ मिलिमीटर उंच, म्हणजे प्रत्यक्षात २२१ मिलिमीटर. आपल्याकडचा ६० किलोचा (मीटरला ६० किलो वजनाचा) रूळसुद्धा १७२ मिलिमीटरच असतो. कोड ७५ ने हिशेब १६५ च्या आसपास येतो, ५२ आणि ६० किलोच्या मधोमध. वरून बघणाऱ्याला हा फरक शून्य, डोळ्यासमोर एका फुटावर ठेवलेल्या रुळाला तो सगळ्यात मोठा.

हवामानाची तुमची काळजी मात्र प्रत्येकाने वाचावी अशी आहे. डिसेंबरच्या रात्री पुण्यात १० अंश आणि एप्रिलच्या दुपारी ४०, त्यात गॅरेजचं पत्र्याचं शटर. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा १६ फुटांचा रूळ तेवढ्या फरकात सव्वादोन-अडीच मिलिमीटर वाढतो. सगळे जोड डाखून टाकले तर तो मे महिन्यात सापासारखा वळेल, बकलिंग म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दर तुकड्याच्या, म्हणजे ९१४ मिलिमीटरच्या, जोडाला अर्धा मिलिमीटर फट ठेवली आहे. फटीमुळे वीज जोडपट्टीच्या भरवशावर राहू नये यासाठी प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर डाखली आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण इंजिन मध्येच बंद पडण्याची निम्मी कारणं त्यातच संपतात. गंजाचं म्हणाल तर निकेल सिल्व्हर गंजत नाही, स्टीलचा रूळ गॅरेजमध्ये घेऊच नये.

प्लाय १२ मिलिमीटरचा मरीन आहे, आणि तो सहाही बाजूंनी रंगवला आहे. लोक वरची-खालची बाजू रंगवतात आणि कापलेल्या कडा सोडून देतात, पाणी तिथूनच शिरतं. फळी लोखंडी ब्रॅकेटवर आहे आणि भिंतीपासून इंचभर सुटी. लाकूड कुठेही भिंतीला किंवा जमिनीला टेकत नाही, म्हणजे वाळवीला चढायची वाट उघड्या लोखंडावरूनच राहते आणि तिची मातीची नळी लगेच दिसते. दर्शनी बाजूला पॉलिकार्बोनेटचे सरकते पडदे आहेत. धूळ तरीही येतेच. खेळण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसायचे, तेही शटर उघडं ठेवून, कारण शेजारी पेट्रोलची गाडी उभी आहे. सोल्डरिंगच्या वेळी तर गाडी बाहेरच काढतो.

राहिली शोकेस. फळीचा उजवीकडचा ४ फुटांचा भाग झाकलेला आहे, तो तुम्हाला फोटोत दिसला नसणार. तिथे कायमचे रूळ नाहीत. प्लायच्या अरुंद पट्ट्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन एल-पट्ट्या १६.५ मिलिमीटर अंतराने चिकटवल्या आहेत. त्यांची उभी कड हाच रूळ. एका पट्टीवर अख्खी गाडी उभी राहते, ती पट्टी उचलून फिरवून ठेवली की इंजिन पुन्हा तोंडाशी. तिथून गाडी येते, तीन सायडिंगमध्ये वाटली जाते, भरते आणि निघून जाते. फळीच्या पलीकडेही लाइन आहे, सोलापूर आहे, हे त्या झाकलेल्या भागामुळे शंटिंग करणाऱ्याला सतत जाणवत राहतं.

शेवटी एक विचारायचं आहे, आणि ते तुमच्याच खात्यातलं आहे. ट्रान्सशिपमेंटच्या सायडिंगला वाघिणी लावताना क्रम कोण ठरवायचं? मालबाबूंकडून यादी यायची की यार्ड मास्तर स्वतः ठरवायचे, आणि सायडिंग भरलेली असताना नवी गाडी आली तर आधी रिकाम्या बाहेर काढायच्या की भरलेल्या? मी सध्या चिठ्ठ्या पिसतो. खरी पद्धत कळली तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून तीच वापरेन, आणि त्यासाठी चौथी सायडिंग लागणार असेल तर मागच्या भिंतीलगत गोदामाच्या पुढे अजून अडीच इंच जागा आहे.