गाडी सुटी करण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी जुनी गाडी घेतल्याचे कळवले. एकाने जीप घेतली, दोघांनी प्रीमियर पद्मिनी मोटार, आणि तिघांचाही बेत एकच : आधी सगळी सुटी करायची, चेसिसपासून, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीपासून, एकेक भाग नवा करायचा आणि मग जोडायची. तिघांशीही फोनवर तासतासभर बोलून झाले, तरी एकानेही ऐकले असेल असे वाटत नाही, म्हणून माझे म्हणणे सविस्तर लिहून ठेवतो. घरच्या घरी, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने जुनी गाडी उभी करायची असेल तर ती चालती ठेवूनच दुरुस्त करावी. एका वेळी एकच यंत्रणा खोलावी, ती पुरती जोडावी, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणावी आणि मगच दुसरीला हात लावावा. रंग सर्वांत शेवटी.

हे शहाणपण मला एका जीपच्या मोबदल्यात मिळाले आहे. २००९ साली मी महिंद्रा एमएम ५४० घेतली होती. प्युजोच्या रचनेचे तिचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन धूर सोडत का होईना, पण सुरू होत असे, गिअर पडत असत, आणि मी दोन रविवारांत त्या चालत्या गाडीचा सांगाडा करून ठेवला. सुटे भाग आईने जपून ठेवलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरले, प्रत्येक डब्यात वहीच्या कागदाची चिठ्ठी टाकली आणि बॉडी पेंटरकडे पाठवली. पेंटर म्हणाला, "दिवाळीपर्यंत देतो." कुठल्या दिवाळीपर्यंत, हे विचारायचे राहून गेले. पहिल्याच पावसाळ्यात तेल पिऊन चिठ्ठ्यांवरची शाई पसरली आणि उरलेल्या झुरळांनी खाल्ल्या. दोन वर्षांनी बॉडी परत आली तेव्हा डबे होते, बोल्ट होते, पण कोणता बोल्ट स्टिअरिंग बॉक्सचा आणि कोणता गिअरबॉक्सच्या माउंटिंगचा, हे सांगता येईना. एखादा भाग सोडवताना हाताला जे कळलेले असते ते आठवडाभर टिकते, दोन वर्षे टिकत नाही. २०१३ मध्ये ती जीप टेम्पोत भरून दिली. घेणाऱ्याने इंजिन आणि ॲक्सल ठेवून बाकीचे भंगारात घातल्याचे पुढे कळले.

जीपच्या बाबतीत हा मोह होणे साहजिकच आहे, कारण तिला खरोखर चेसिस असते. शिडीसारखी चौकट, तिच्यावर इंजिन-गिअरबॉक्स आणि वर बोल्टांनी बसवलेली बॉडी, त्यामुळे सुटी करणे सोपे आणि पत्रा कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राहण्याची शक्यता बरी असते. पद्मिनीचे तसे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी कुर्ल्याला बनवली, पण मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा आणि त्यात वेगळी चेसिसच नाही. फरशीचा पत्रा, दाराखालचे पोकळ पत्रे, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून "पद्मिनी चेसिसपासून नवी करतो" असे कोणी म्हटले की मी आधी त्याला गाडीखाली वाकून बघायला सांगतो.

माझी पद्मिनी १९९४ सालची. २०१६ च्या एप्रिलमध्ये ती मुंबईहून कोल्हापूरला चालवतच आणली. खंबाटकीच्या घाटात ती गचके खाऊन बंद पडली, कारण इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती आणि इंजिनाकडे पेट्रोल खेचणारा पंप वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओले फडके टाकून अर्धा तास थांबलो, मग निघालो. जुन्या टॅक्सीवाल्यांचा हा उपाय वडिलांकडून ऐकला होता, त्या दिवशी तो हाताने करून पाहिला.

घरी आल्यावर पहिले काम ब्रेकचे. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी नवा मालक आधी बंपरच्या क्रोमकडे वळतो. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे न बदललेल्या गाडीत प्रत्येक चाकातले व्हील सिलिंडर आतून गंजतात, त्यांचे रबरी कप झिजतात आणि ऑइल नेणाऱ्या जुन्या रबरी होजच्या आतली नळी फुगून बंद होते. बाहेरून होज ठाकठीक दिसत असतो. अनेक जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचे एकच सर्किट असते, म्हणजे एका चाकाकडचा कप गेला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून चारही व्हील सिलिंडरचे कप, सगळे होज आणि पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा किट एकदमच बदलावा, एक आज आणि एक पुढच्या वर्षी असे करू नये. इंजिन ऑइलचा एक थेंबही ब्रेक ऑइलमध्ये जाऊ देऊ नये, कारण त्याने कप फुगून बाद होतात. चाकाच्या ब्रेक ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नये, पाण्याने धुवावी, कारण जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढण्याचे काम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करायचे. आमच्याकडे आत मुलगी बसली होती, तेव्हा ती सातवीत होती. मी खालून "दाब" म्हणायचो, ती पेडल दाबून "धरलंय" म्हणायची, मी चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा सैल करायचो आणि काचेच्या बरणीत बुडवलेल्या पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचे ऑइल बुडबुड्यांसकट यायचे. निपल आवळल्याशिवाय "सोड" म्हणायचे नाही, नाहीतर तीच हवा परत आत जाते. मागच्या डाव्या चाकाला एकोणीस वेळा हे झाले. एकोणीस हा आकडा तिच्याच मोजणीचा आहे, आणि तो ती मला अजून ऐकवते. शेवटी बुडबुडे थांबले आणि नुसते पिवळसर ऑइल येऊ लागले, तेव्हा पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखे थांबले. त्या संध्याकाळी गाडीवर रंगाचा एकही हात चढलेला नव्हता, पण ती रस्त्यावर नेण्याजोगी झाली होती.

दुसरे काम पेट्रोलच्या वाटेचे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे उसापासूनही बनणारे अल्कोहोल, असते. आमच्या जिल्ह्यातला ऊस अशा रीतीने आमच्याच गाडीच्या टाकीत येतो, आणि शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळे मला त्याविरुद्ध फार बोलताही येत नाही. पण जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, हे खरेच आहे. त्या मऊ पडतात, भेगाळतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकू शकते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत तुरटीसारखी पांढरी पूड साचते. माझ्या गाडीत ती चिमूटभर निघाली आणि तेवढ्याने आयडलिंगचा जेट बंद झाला होता. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, टाकीनंतर फिल्टर लावावा आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी पुरती गरम होईपर्यंत चालवावी. ज्याची गाडी सुटी होऊन डब्यांत पडलेली आहे त्याला हा शेवटचा उपाय करता येत नाही, हा माझ्या मुद्द्याचाच भाग आहे.

वायरिंगचे फारसे सांगण्यासारखे नाही. बहुतेक बिघाड अर्थिंगचे निघतात. बॅटरीची अर्थ वायर जिथे बॉडीला बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला की निम्मी दुखणी जातात. इंजिनाचेही तसेच आहे. ठिणगीची वेळ ठरवणारे सीबी पॉइंट फिलर गेजने, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्टीने, लावणे, झडपांच्या टॅपेटचे अंतर तपासणे, प्लग साफ करणे ही कामे मॅन्युअल समोर ठेवून कोणालाही जमतील. मी प्लगच्या वायरी एकदा चुकीच्या लावल्या तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारचे काका धोतर सावरत बाहेर आले. तेव्हापासून बॉनेटच्या आतल्या बाजूला सिलिंडर पेटण्याचा क्रम खडूने १-३-४-२ असा लिहिलेला आहे. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, मात्र ॲल्युमिनियमचे आहे, तेव्हा त्याचे बोल्ट ठरलेला जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्यानेच आणि ठरलेल्या क्रमाने आवळावेत. अंदाजाने आवळून हेड वाकवले तर हेड पॅकिंग कितीही वेळा बदला, पाणी ऑइलमध्ये उतरतच राहील.

गंजाचे प्रकरण सर्वांत कष्टाचे. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले तर जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. माझ्या गाडीत चालकाच्या पायाखाली चुंबक घसरून पडले. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर लांबीचा खवला निघाला आणि त्याच्या आत वर्तमानपत्राची घडी घालून ठेवलेली सापडली, वर डांबरी कोटिंगचा जाड थर. पत्रा ठोकणाऱ्या कोणा डेंटरने वेळ मारून नेली होती, आणि तो कागद किती पावसाळे पाणी धरून बसला होता कोण जाणे. गंजावर डांबर फासले की ओलावा आत कोंडला जातो, म्हणून आधी उघडा पत्रा, मग प्रायमर आणि त्यानंतरच कोटिंग. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा वेल्ड करावा लागतो आणि हे काम मी स्वतः केले नाही. वेल्डरला मात्र एक गोष्ट बजावली : एका वेळी एकच बाजू कापायची आणि दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून धरायचा. चेसिस नसलेल्या गाडीचे दाराखालचे पोकळ पत्रे दोन्हीकडून एकदम कापले तर गाडी मधोमध बसते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके असतात, ती तारेने मोकळी करणे हे मात्र फुकटचे आणि पाच मिनिटांचे काम आहे. ते कोणी करत नाही.

स्वतः करायचे म्हणजे सगळेच स्वतः करायचे, असा हट्ट नसावा. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनचे बुश बसवणे आणि ब्रेकचे ड्रम कातून घेणे यासाठी मी सरळ उद्यमनगर ही कोल्हापूरची कारखान्यांची वसाहत गाठतो. तिथल्या लेथवरचा माणूस व्हर्निअर न लावता बोटाने चाचपून "दोन सूत जास्त आहे" म्हणतो, आणि मोजल्यावर ते खरे निघते. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग तर कधीच करू नये, कारण रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. खाली लोखंडी स्टँड, चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी, आणि घरात कोणीतरी जागे असावे.

कायद्याचेही थोडे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांना ते आणखी वाढले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेजची वेगळी नोंदणी ५० वर्षांपुढच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांनाच मिळते. म्हणजे पद्मिनीसारखी तीस वर्षांची गाडी भंगारही नाही आणि वारसाही नाही. माझी तक्रार शुल्काची नाही. तपासणीत चमकणारा रंग पाहून मान डोलावली जाते आणि होजच्या आतली फुगलेली नळी कोणी बघत नाही, याची आहे. दुसऱ्याच जातीचे डिझेल इंजिन बसवणाऱ्यांबद्दलही मला सहानुभूती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि जड इंजिनाखाली पुढचे सस्पेन्शन आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात.

माझ्या गाडीच्या रंगाचा नंबर अजून आलेला नाही. मागच्या डाव्या दाराची छटा वेगळी आहे आणि छपराचा पांढरा रंग हाताला खडूसारखा लागतो. यंदा पावसाळ्याआधी पुढच्या काचेचे रबर बदलायचे आहे, कारण जोराचा पाऊस आला की पाणी बरोबर त्याच नव्या पत्र्यावर, चालकाच्या पायाशी टपकते.