‘तीन महिन्यांत विरघळणारी’ पिशवी

‘सरकारने कंपोस्टेबल (कुजून खत होणाऱ्या) प्लास्टिकला परवानगी दिलीय. त्या पिशव्या तीन महिन्यांत मातीत विरघळतात. रिसायकलिंगला त्रास नाही. दंड फक्त भाजीवाल्यालाच होतो. मग २०१८ ची प्लास्टिकबंदी हवीच कशाला? कायदा सैल करा!’ हा मेसेज वाचून आमच्या सोसायटीत लोक खतखड्ड्यात बिनधास्त पिशव्या टाकू लागलेत, म्हणून हा खटाटोप.

परवानगीचं म्हणाल तर २०२२ च्या अखेरीस राज्याने कंपोस्टेबल ताटल्या, पेले, चमच्यांना सूट दिली, तीही प्रमाणपत्राच्या अटीवर. एवढ्याने बंदी निकालात निघत नाही.

आता ते ‘तीन महिने’. हा आकडा येतो कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकातून, पण मेसेजवाल्याने तो अर्धाच उचललाय. चाचणी होते ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या खतात. १२ आठवड्यांनी माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. म्हणजे तुकडे झाले, एवढंच. त्यातला ९० टक्के कार्बन सूक्ष्मजीवांनी संपवायला मानक १८० दिवस देतं. बाल्कनीतल्या खताच्या माठात ५८ अंश कुठून आणणार? सोसायटीचा खड्डा तापतो, पण भर टाकल्यावरचे थोडे दिवस. मग पिशवी तशीच राहते, थरांमध्ये पसरून हवा अडवते, खालचा कचरा सडतो आणि घाण वास सुटतो. श्रेडर (कचरा बारीक करणारं यंत्र) असेल तर त्याच्या दांड्याला पट्ट्या गुंडाळल्या जातात, त्या सुरीने कापून काढाव्या लागतात. आणि ‘मातीत’ म्हणजे गटारात किंवा नाल्यात टाकली तर त्या चाचणीचा काही संबंधच उरत नाही.

‘रिसायकलिंगला त्रास नाही’ हेही खोटं. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला ही पिशवी आणि एलडीची (नेहमीच्या पातळ प्लास्टिकची) पिशवी सारखीच लागते. रिसायकलिंगवाले प्लास्टिक वेगळं करायला पाण्याच्या टाकीत टाकतात, तिथे ही बुडायला हवी, पण चुरगळलेल्या पिशवीत हवा अडकली की तरंगते आणि एलडीबरोबर वितळून त्यापासून बनणारा प्लास्टिकचा दाणा खराब करते.

‘दंड फक्त भाजीवाल्यालाच’ हे मात्र बरंचसं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पहिल्याच वेळी ५,००० रुपये हातगाडीवाल्याला परवडत नाहीत. पण मग कारवाई कारखान्यांवर मागा ना, सूट कसली मागता?

तोवर पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ आणि उत्पादकाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलाय का ते बघा. नसेल तर ती साधं प्लास्टिकच समजा. असेल तरी ओला कचरा खड्ड्यात रिकामा करा आणि पिशवी बाहेर ठेवा.