पोहण्याने हाडं ठिसूळ होतात? खुलासा

‘पोहणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ होतात, पोहणं बंद करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

पाणी शरीराचं वजन पेलतं, त्यामुळे हाडांवर आदळणारा भार कमी पडतो. उडी मारून जमिनीवर पाय टेकताना बसणारा हादरा हाडाला घट्ट व्हायला भाग पाडतो. तो पोहताना मिळत नाही. म्हणून अभ्यासांत पोहणाऱ्यांची हाडांची घनता जिम्नॅस्ट किंवा फुटबॉलपटूंपेक्षा कमी दिसते, पण खेळ न खेळणाऱ्या मुलांइतकीच साधारण असते. म्हणजे पोहण्याने नुकसान होत नाही.

हृदय-फुप्फुसांना तर फायदाच. सोबत दोरीवरच्या उड्या, धावणं, पुरेसं कॅल्शियम असू द्या. वाढीच्या वयात हे फार मोलाचं आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.