स्पीड गन कशाला लावता?

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. तेव्हापासून आमच्या लातूरकर मित्रांचं एकच टुमणं: मराठवाड्यातून वेगवान गोलंदाज घडवायचे तर पोरांचा आधी वेग वाढवा, बाकीचं मागून येतं. परवा तर तालुक्याच्या निवड चाचणीला चेंडूचा वेग मोजणारी स्पीड गन लावा, इथवर गाडी आली. अटलांटात राहून बेसबॉल बघायला लागल्यापासून मला हे अजिबात पटत नाही.

बेसबॉलमध्ये पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, फलंदाजापर्यंतचं अंतर साडेसाठ फूट. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायची की नाही, हे चेंडू वाटेत असतानाच ठरवावं लागतं. तरी नुसत्या वेगाला हे फलंदाज बधत नाहीत. चेंडू सारखा त्याच वेगाने येत राहिला, की त्यांचं टायमिंग बसतं आणि मग धुलाई होते. म्हणून पिचर चेंज-अप टाकतो. चेंडू तळहातात खोल धरतो, हात मात्र तेवढ्याच जोराने फिरवतो. हाताकडे बघून फलंदाज बॅट घुमवून मोकळा होतो, आणि पंधराएक किलोमीटरने संथ असलेला चेंडू अजून यायचाच असतो! अर्ध्या वाटेपर्यंत दोन्ही चेंडू हुबेहूब सारखे दिसले पाहिजेत. सगळं कसब तिथे आहे.

ग्रेग मॅडक्स या पिचरने १९९२ ते १९९५ सलग चार वेळा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, कारकिर्दीत ३५५ सामने जिंकले. त्याच्याहून वेगवान पिचर त्या काळी कितीतरी होते.

अर्थात अमेरिकेचं सगळंच उचलू नये. वेगाचं वेड इथेही आहे. पिचरांच्या वाढत्या दुखापतींमागे हा वेगाचा ध्यास असल्याचं मेजर लीग या इथल्या अव्वल बेसबॉल लीगच्याच डिसेंबर २०२४ च्या अहवालात म्हटलंय. कोपराचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, की वर्षभर तरी घरी बसायचं. पण लहान मुलांची काळजी इथे घेतात. ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ च्या वर चेंडू टाकू नयेत, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. आपल्याकडे उन्हाळी स्पर्धांत चांगलं टाकणारं पोरगं सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबवतात. खांदा दुखतो म्हणालं, तर "मालिश कर, बसंल" एवढंच उत्तर.

स्पीड गनऐवजी एक वही घ्या. कोणी दिवसात किती चेंडू टाकले, ते रोज लिहा. आणि पोरगं संथ चेंडू टाकताना हात आखडतं का, हे फलंदाजाच्या बाजूने उभं राहून बघा.