ऐकणं, ऐकू येणं आणि ऐकून घेणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या एका मुद्द्यामुळे मला माझं जुनं काम परत उघडून बघावं लागलं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पॅनिश कंपन्यांच्या कागदपत्रांत 'एस्पासियोस दे एस्कुचा' हा शब्दप्रयोग सारखा येतो. शब्दशः अर्थ 'ऐकण्याच्या जागा'. त्याचं इंग्रजी 'लिसनिंग स्पेसेस' करू नये, 'वी सिट डाउन विथ अवर स्टाफ अँड हिअर देम आउट' असं सरळ वाक्य करावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर चिपळूणचे हे सर, ज्यांनी सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. एक: तीन शब्दांचे दहा शब्द करणं हे भाषांतर की पदरचं लेखन? मुळात कोण कोणाजवळ बसतं हे कुठे लिहिलंय? दोन: 'एस्कुचा आक्तिवा'चं मात्र मी जसंच्या तसं 'ॲक्टिव्ह लिसनिंग' केलं, मग नियम एकच कसा नाही? तीन: स्पॅनिशचं इंग्रजी करण्याबद्दल मराठीत लिहून उपयोग कोणाला?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, ते छोटं आहे. मी रत्नागिरीत घरी बसून हेच काम करते. माझ्यासारखी कोकणातली आणखीही मुलं-मुली परदेशी भाषा शिकून घरून काम करतायत. त्यांच्याशी मी मराठीतच बोलते. आणि या शब्दांचा गुंता मला सुटतो तोही मराठीतूनच, ते पुढे दिसेल.

आता पहिला मुद्दा. तो खरा आहे आणि मला लागला.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी दुभाषी म्हणून गेले होते. आपल्या किनाऱ्यावरचा माकूल स्पेनला जातो हे तुम्हाला माहीत असेलच. खरेदीदाराकडून एक बाई कामगारांची स्थिती बघायला आल्या होत्या. त्यांची प्रश्नावली आधीच इंग्रजीत होऊन आली होती, ती मी केलेली नव्हती. त्यात एक प्रश्न होता, 'आर देअर लिसनिंग स्पेसेस फॉर वर्कर्स?' व्यवस्थापकांनी 'हो' वर खूण केली होती आणि ती जागा दाखवायला ते आम्हाला वर घेऊन गेले. एक खोली, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला सूचनापेटी. पेटीच्या कुलपाला गंज चढलेला. त्या गृहस्थांनी काही लपवलं नव्हतं. 'स्पेस' विचारली, त्यांनी जागा दाखवली.

खाली आल्यावर त्या बाईंनी मला तोच प्रश्न कामगार बायकांना विचारायला सांगितला. माकूल सोलायच्या टेबलाशी एक मावशी उभ्या होत्या, मूळच्या देवगडकडच्या. बर्फाच्या पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. 'ऐकण्याची जागा' असं काही माझ्या तोंडून आलंच नाही. मी विचारलं, "मावशी, काही अडचण झाली तर इथे कोणी ऐकून घेतं का?" त्यांनी हातातला माकूल खाली ठेवला नाही, मान तेवढी वर केली. म्हणाल्या, "आमी सांगतंव गो. पण आयकून कोण घेता?"

मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं तेव्हा पाहुण्या बाई बराच वेळ लिहीत होत्या. त्यांना जे विचारायचं होतं ते हेच होतं.

सर, 'लिसनिंग स्पेसेस'वर माझा राग आहे तो या प्रसंगापासून. स्पॅनिशला नामं चालतात. 'ला एस्कुचा' म्हटलं की त्यात ऐकणारा, सांगणारा, दोघांमधला विश्वास असं सगळं वाचणाऱ्याच्या मनात आपसूक येतं. 'एस्पासियो' म्हणजे तिथे खोलीच असली पाहिजे असंही नाही. मोकळेपणा, वाव, सवड, असं काहीही असू शकतं. आपण 'बोलायला जागाच ठेवली नाही' म्हणतो तेव्हा कुठे खोली मागतो? इंग्रजीत मात्र, निदान कारखान्यातल्या रोजच्या इंग्रजीत, ऐकणं हे क्रियापद म्हणून आलं तरच ते कोणीतरी करतंय असं वाटतं. 'लिसनिंग स्पेस' म्हटल्यावर त्यातला माणूस जातो आणि भिंती उरतात.

पण तुम्ही विचारलंत, 'मुळात कोण कोणाजवळ बसतं हे कुठे लिहिलंय?' कुठेच नाही. ते वाक्य एका कंपनीच्या वार्षिक अहवालातलं होतं. तिथे फक्त एवढंच होतं की कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी 'एस्पासियोस दे एस्कुचा' सुरू केल्या. मी त्याचं 'आम्ही कर्मचाऱ्यांजवळ बसतो आणि त्यांचं ऐकून घेतो' केलं. म्हणजे कंपनीने जे वचन दिलं नव्हतं ते मी तिच्या नावावर इंग्रजीत देऊन टाकलं. उद्या कोणी कर्मचारी म्हणाला, 'माझ्याजवळ कोणी बसलं नाही,' तर ते वाक्य माझं आहे. ओघवतं इंग्रजी लिहिण्याच्या नादात हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी.

मंगळवारी मी ते काम देणाऱ्या भाषांतर एजन्सीला मेल करून विचारलं, या एस्पासियोस म्हणजे नेमकं काय? उत्तर आलं, दर तिमाहीला विभागवार बैठक होते, मनुष्यबळ विभागाची एक व्यक्ती असते, वरिष्ठ नसतात. मग इंग्रजीत यासाठी लोक रोज वापरतात असा शब्द आहेच: 'लिसनिंग सेशन्स'. दोन शब्द, खोलीचा घोळ नाही, न दिलेलं वचनही नाही. ती फोनलाइन असती तर हा शब्द चुकला असता. यापुढे हा शब्द आला की मी आधी विचारणार: ही जागा आहे, वेळ आहे की माणूस आहे? भाषांतरकार प्रश्न विचारायला बिचकतात, आपल्याला भाषा येत नाही असं समोरच्याला वाटेल म्हणून. मीही बिचकत होते.

तुमच्या म्हणण्याला माझा एकच विरोध राहतो. शब्द मोजून निष्ठा ठरत नाही. 'मे सिएंतो एस्कुचादा' हे वाक्य कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणात हमखास येतं. शब्दशः इंग्रजी केलं तर 'आय फील लिसन्ड टू'. व्याकरण ठीक, पण एखादी इंग्रज कामगार बाई म्हणेल 'आय फील हर्ड'. शाळेत आपण 'हिअर' म्हणजे कानावर पडणं आणि 'लिसन' म्हणजे लक्ष देऊन ऐकणं असं शिकतो, तुम्हीही शिकवलं असेल. मग 'एस्कुचार'ला 'लिसन' हीच जोडी बरोबर वाटते. पण इंग्रजीत दखल घेतली गेल्याचं समाधान 'हर्ड'मध्ये आहे. कोर्टातली सुनावणीसुद्धा 'हिअरिंग'च.

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकू येणं, ऐकणं आणि ऐकून घेणं. पहिली कानाची, दुसरी लक्षाची. तिसरीत 'घेणं' आहे, समोरच्याचं आपण आपल्याकडे घेतो. शिवाय 'पोरगा ऐकत नाही' म्हणजे सांगितलेलं करत नाही, त्याला स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा 'आसेर कासो' लागतं. मला कुठलंही 'एस्कुचार' आलं की मी आधी मराठीत विचारते: यातलं कुठलं? उत्तर 'ऐकून घेणं' आलं की इंग्रजीत 'हिअर आउट' किंवा 'हर्ड'कडे जाते. 'ऐकणं' आलं की 'लिसन'. आणि 'ऐकू येणं' आलं तर फार जपून, कारण तिथे मी एकदा चांगलीच घसरले आहे.

कामाच्या पहिल्या वर्षी मेक्सिकोतल्या एका ग्राहक सेवा केंद्राच्या फोन-ध्वनिमुद्रणांचं इंग्रजी करायचं होतं. त्यावरून तिथल्या मुलामुलींना गुण मिळणार होते. एका संभाषणात एजंट ग्राहक बाईंना म्हणते, 'नो ला एस्कुचो, सेन्योरा.' मी लिहिलं, 'आय ॲम नॉट लिसनिंग टू यू, मॅडम.' लॅटिन अमेरिकेत 'एस्कुचार' सर्रास ऐकू येण्यासाठी वापरतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती बिचारी म्हणत होती, 'बाई, तुमचा आवाज येत नाहीये.' आपण पावसाळ्यात रेंज गेली की दिवसातून दहा वेळा म्हणतो तेच. तपासनिसाने पकडलं म्हणून वाचलं. नाहीतर माझ्या एका वाक्यामुळे त्या मुलीच्या नावापुढे 'ग्राहकाशी उद्धट' असा शेरा बसला असता. इथे मी शब्दाला शब्द ठेवला होता, सर. तरी अर्थ उलटा झाला.

आता दुसरा मुद्दा, 'ॲक्टिव्ह लिसनिंग'चा. तिथे नियम बदलला असं नाही, तो शब्दच वेगळ्या जातीचा आहे. 1957 साली शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांची याच नावाची एक छोटी पुस्तिका काढली. रॉजर्स मानसोपचारातले, पण पुस्तिकेत कारखान्यातला पर्यवेक्षक आणि कामगार आहेत: कामगार कुरकुर करतो तेव्हा लगेच सल्ला देऊ नका, त्याला काय म्हणायचंय ते त्याच्या बाजूने समजून घ्या आणि समजलेलं त्याला परत सांगून बघा. 'एस्कुचा आक्तिवा' हे तिचंच स्पॅनिश रूप. ते इंग्रजीत परत करताना मी नवा शब्द कशाला शोधू? लेक माहेरी आली तर तिला आपण नव्या नावाने हाक मारत नाही.

कायद्यातल्या शब्दांचंही असंच, फक्त तिथे जास्त सांभाळावं लागतं. स्पेनमध्ये 2023 च्या कायदा क्रमांक 2 नुसार 50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची अंतर्गत व्यवस्था ठेवावी लागते. कायदा तिला 'सिस्तेमा इंतेर्नो दे इन्फॉर्मासियोन' म्हणतो, लोक 'कानाल दे देनुन्सियास', म्हणजे तक्रारींचा मार्ग, म्हणतात. पहिल्याचं शब्दशः 'इंटर्नल इन्फर्मेशन सिस्टिम' केलंत तर वाचणारा संगणक विभागाला फोन लावेल. पण हा कायदा युरोपीय संघाच्या 2019 च्या 1937 क्रमांकाच्या निर्देशावरून आला आहे आणि त्या निर्देशाची अधिकृत इंग्रजी प्रत आहे. तिच्यात 'इंटर्नल रिपोर्टिंग चॅनल्स' हा शब्द तयार आहे. तो उचलायचा. इथे माझ्या कानाला काय बरं वाटतं याला किंमत नाही.

आणखी एक सांगते, कारण यात तुमच्या-माझ्या दोघांच्याही बाजूचं थोडं थोडं आहे. 18 नोव्हेंबर 2024 ला स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिस्तभंगाच्या कारणावरून कामगाराला काढण्याआधी मालकाने त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आधार होता आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 158 क्रमांकाच्या कराराचं सातवं कलम. या संधीला स्पॅनिशमध्ये 'आउदिएन्सिया प्रेविया' म्हणतात. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मसुद्यात त्याचं 'प्रीव्हिअस ऑडियन्स' झालं होतं. म्हणजे जणू आधी प्रेक्षक जमवायचे आणि मग माणसाला काढायचं. 'ऑडियन्स' आणि 'आउदिएन्सिया' दोन्ही लॅटिनमधल्या ऐकण्याच्या धातूपासूनच आले, पण वाटा वेगळ्या झाल्या. 'प्रायर हिअरिंग' म्हटलं की वकिलाला कळतं. कामगारासाठीच्या पत्रकात मात्र मी लिहीन की कंपनी तुम्हाला काढण्याआधी तुमची बाजू सांगायची संधी देईल. एकच शब्द, दोन वाचक, दोन भाषांतरं, आणि दोन्ही मुळाशी प्रामाणिक. यातलं दुसरं लांब आहे म्हणून ते पदरचं, असं तुम्ही म्हणणार नाही असं वाटतं.

कंपन्यांच्या कागदपत्रांतल्या 'कोलाबोरादोरेस'चं (शब्दशः 'सहकारी') 'कोलॅबोरेटर्स' करू नये, ते साधे 'एम्प्लॉईज' किंवा 'स्टाफ' असतात, हे तुम्हालाही मान्य आहे. 'इंकिएतुदेस'बद्दल तुम्ही 'अँझायटीज' सुचवलंत, ते मात्र मला पटत नाही. 'रेकोखेर इंकिएतुदेस' म्हणजे लोकांच्या मनात काय खटकतंय, काय विचारायचंय ते गोळा करणं. त्याला 'कन्सर्न्स' पुरेसं आहे. 'अँझायटीज' म्हटलं की कामगार आजारी वाटायला लागतात. त्या मावशी आजारी नव्हत्या. त्यांना पाळीच्या मधल्या सुट्टीत हात शेकायला गरम पाणी हवं होतं, आणि ते त्यांनी तीनदा सांगून झालं होतं.

मागच्या लेखात मी दुरुस्ती केली आहे. 'वी सिट डाउन...' हे वाक्य खोडलेलं पण वाचता येईल असं ठेवलंय, त्याखाली 'लिसनिंग सेशन्स' आणि ते कधी चालत नाही हे लिहिलंय, आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली असंही. त्या प्रश्नावलीतल्या प्रश्नाचं माझं रूपही शेवटी जोडलंय: 'कामगाराने अडचण सांगितली तर ती कोण ऐकून घेतं, आणि उत्तर त्याच्यापर्यंत कसं पोचतं?' याच्या इंग्रजीत 'हिअर'वर मी अडले आहे. 'हू हिअर्स देम आउट' हे छापील प्रश्नावलीसाठी फार घरगुती होतं का? तुम्ही इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंत, तुमचं मत मला हवं आहे.