कारागिरांनो, चुकूनही लिहू नका

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शिंपी, सुतार, गवंडी आणि तमाम कसबी मंडळी हो, आपल्या कामाबद्दल चार ओळी लिहून ठेवा, असं कोणी सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लिहिण्याचे परिणाम वाईट होतात. वरसईच्या गोडसे भटजींचंच बघा. साधा भिक्षुक माणूस, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला, १८५७ च्या बंडात सापडला. जीव वाचवून घरी आला तर गप्प बसावं की नाही? पण पाहिलं ते सगळं लिहून ठेवलं. १९०७ साली ते छापून आलं आणि झाशीच्या वेढ्यात काय काय झालं ते आता कोणीही घरबसल्या वाचतो. अशी माहिती फुकट वाटायला लागलं तर धंदा बसेल हो तुमचा!

इलेक्ट्रिशियन दादांनी एमसीबीच्या पेटीवर कुठलं बटण कुठल्या खोलीचं हे अजिबात लिहू नये. अंधारात सगळी बटणं खालीवर करत बसण्यात एक थरार असतो.

शिंपीकाकांनी पावतीवर तारीख घालू नये. घातलीच तर दिवाळी म्हणावं, कुठली ते सांगू नये.

डॉक्टरांना आम्ही काय सांगणार? त्यांचं लिहिलेलं न लिहिल्यासारखंच असतं.

प्लंबर बंधूंनी मात्र एक मंत्र पाठ करावा. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर बॅग खाली ठेवायच्याही आधी, कपाळाला आठी घालून म्हणायचं, "हे कोणी केलंय?" आमच्याकडे गेल्या महिन्यात तिघे आले, तिघांनीही म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली म्हणून पहिल्याला बोलावलं. त्याने टाइल फोडली, गीझरच्या लायनीचा तुकडा बदलला, पैसे घेतले, गेला. आठ दिवसांत काकू पुन्हा दारात. दुसरा आला. "हे कोणी केलंय?" आणखी दोन टाइल. पाइप तिथे नव्हताच! मग कुठे होता? ते बिल्डिंग बांधणाऱ्या मिस्त्रीला माहीत, आणि तो कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. तिसरे काका आले, म्हातारे. त्यांनीही तेच विचारलं, पण तुकडा हातात घेऊन माझ्यापुढे धरला. "साहेब, गरम पाण्याला हा पांढरा यूपीव्हीसी कोणी लावतं का? हा साठ अंशांपर्यंतचा. इथे पिवळट सीपीव्हीसी लागतो, तो नव्वदच्या वरपर्यंत टिकतो. हा मऊ पडला, वाकला, सांधा सुटला." संपलं. एवढं सांगायला त्यांना मिनिटही लागलं नाही. मी म्हटलं, काका, हे कुठेतरी लिहून का ठेवत नाही? तर हसून म्हणाले, "आमचं कोण वाचतंय?"

कोण वाचतंय? अहो, मी वाचलं असतं! पहिल्या दिवशी वाचलं असतं! त्या आठवड्यात रात्री एक वाजेपर्यंत मी फोनवर काय पाहत होतो? ज्याने जन्मात पाना हातात धरला नाही, असा एक गृहस्थ गळणाऱ्या सांध्याला बेकिंग सोडा आणि डिंक लावायला सांगत होता. त्याला लाखो लोक पाहतात. ज्याला येतं तो गप्प, ज्याला येत नाही त्याच्या तोंडाला खळ नाही, आणि आम्ही शहाणे ते पुढे दहा जणांना पाठवतो. शंभर रुपयांसाठी प्लंबरशी अर्धा तास घासाघीस करतो, पण काय बिघडलं होतं, दादा, हे एकदाही विचारत नाही.

पण तुमचंही चुकतंच. हात झाकून काम करता, पाइप भिंतीत गाडता, वर टाइल ठोकता आणि निघून जाता. पुढे तुमच्यासारखाच कोणीतरी घाम गाळत तीच भिंत फोडणार आहे, याची जराही जाणीव नाही? मोठं काही लिहू नका. खिशात मार्कर असतो ना? मग दाराच्या चौकटीपासून पाइप किती इंचांवर आहे, तेवढं गीझरच्या पाठीवर लिहून जायला काय होतं?