परत तेच, आधार लिंक करा!

कुठल्या नटीला कमेंटमध्ये घाण शिव्या पडल्या की कोणीतरी उगवतंच, "सगळ्यांची अकाउंट आधारला लिंक करा, बघा कसे सरळ होतात". अरे बाबा, कित्येक जण तर स्वतःच्या नावाने, डीपीत बायकापोरांसकट शिव्या घालतात, त्यांना कसली आलीय लाज! साऊथ कोरियाने केलं होतं ना हे २००७ ला, मोठ्या साईटवर कमेंट टाकायची तर खरी ओळख द्या, मग २०११ ला एकाच हॅकमध्ये साडेतीन कोटी लोकांचा डेटा गेला आणि २०१२ ला कोर्टाने तो नियमच उडवला. आपल्याकडे सिम तसंही केवायसीशिवाय मिळत नाही, पोलिसांनी मनावर घेतलं तर सापडतो की माणूस (घेतात का, ते सोडा). आणि सासरच्या जाचाबद्दल नाव लपवून लिहिणारीनेही आधारच दाखवायचं का?